पिल्लू आ वासत नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

वळवाच्या वाऱ्यात घरटी पडायला लागली आणि पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी सुरू झाली की पक्षी वाचवणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. त्यातली तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ‘पिल्लू मिळालंय, पण चोचच उघडत नाही.’ पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘जबरदस्तीने उघडू का?’

नाही. चोच उघडू नका. मिटलेली चोच हा आजार नाही, ते लक्षण आहे. बहुतेक वेळा कारण चोचीत नसतं आणि भुकेतही नसतं. ते अंगाच्या उबेत असतं, नाहीतर पिल्लाच्या जातीत, नाहीतर आपण खाणं कसं पुढे करतोय त्यात. पिल्लाची चोच अजून मऊ असते. नखाने उचकटताना ती वाकते, जबड्याचा सांधा दुखावतो आणि घशात ढकललेला घास श्वासनलिकेत जातो. तेव्हा आधी खालची लक्षणं जुळवा, मग क्रमाने तपासा. क्रम मुद्दाम असा आहे की पहिल्या चार गोष्टींना जवळपास काहीच खर्च नाही.

लक्षणं

चोच घट्ट मिटलेली, मान टाकलेली, अंग हाताला गार. (तपासणी २)

चोच मिटलेली, पण डोळे टक्क उघडे. पिसं अंगाला चिकटवून पेटीच्या कोपऱ्यात दबून बसलंय. (१ आणि ५)

चोच उघडीच आहे, पण घास आत ठेवला तर तसाच राहतो. (२, मग ७)

अंग गरम, हालचाल चांगली, चिवचिवाटही करतंय, तरी वर बघून आ वासत नाही. (३ आणि ४)

सकाळपासून छान खात होतं, आता अचानक बंद. (६ आणि ७)

१. याला भरवायची गरज आहे का?

अंगावर पिसं पूर्ण, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारतंय, धरायला गेलं की झुडपात घुसतंय: हे अनाथ नाही. बुलबुल, दयाळ, साळुंकी, सातभाई यांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि काही दिवस जमिनीवर नाहीतर खालच्या फांद्यांवर काढतात. आईबाप जवळच असतात आणि भरवत असतात. तुम्ही शेजारी उभे आहात म्हणून ते खाली येत नाहीत. असं पिल्लू पेटीत घातलं तर ते घाबरून चोच मिटणारच. हा बिघाड आपणच तयार केलेला असतो.

उपाय: मिळालं त्याच जागी, मांजर-कुत्र्याच्या तोंडापासून वर, दाट झुडपात किंवा फांदीवर ठेवा. लांब जाऊन तास-दोन तास लपून बघा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. पक्षी हाताच्या वासावरून पिल्लू सोडत नाहीत.

पिसं न फुटलेलं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर ते परत घरट्यात ठेवा. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं असलेल्या छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती मूळ जागेजवळ, सावलीत, घट्ट बांधा. आईबाप पुन्हा भरवायला लागले तर काम संपलं. त्यांच्याइतकं चांगलं आपण कधीच वाढवू शकत नाही. माझ्या मते या पायरीवर जितका वेळ घालवाल तितका थोडा. आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात, कारण पेटीत पिल्लू घरी नेलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

२. अंग गार आहे की तापलंय?

घरट्यात सांभाळलं जाणारं पिल्लू सुरुवातीला स्वतःची ऊब स्वतः तयार करू शकत नाही. ती आईच्या पोटाखालून येते. मोठ्या पक्ष्याच्या अंगाचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे निरोगी पिल्लू आपल्या तळहाताला उबदार लागलं पाहिजे. गार किंवा अगदी ‘नेहमीसारखं’ लागलं तरी ते थंड पडलंय असं समजा.

गारठलेल्या पिल्लाची पचनसंस्था बंद पडलेली असते. ते आ वासत नाही, आणि जबरदस्तीने भरवलं तर अन्न आत तसंच पडून आंबतं. म्हणून नियम साधा: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. ‘उपाशी आहे बिचारं’ म्हणून हा क्रम उलटा करणारा माणूसच पिल्लू मारतो, हे कडू असलं तरी सांगायला हवं.

लहान खोलगट वाटीत टिश्यू पेपरचं घरटं करा, ती वाटी पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा, शेजारी कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून लावा. वाटी खोलगटच हवी. सपाट जागेवर पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच राहू शकतात. टिश्यूऐवजी टॉवेल वापरू नका, धाग्यात नखं अडकतात. पेटीत साधा थर्मामीटर ठेवा. अगदी उघड्या, पिसं नसलेल्या पिल्लाला ३२ ते ३५ अंश लागतात. पिसांच्या नळ्या फुटायला लागलेल्याला ३० च्या आसपास, पिसं आलेल्याला त्याहून कमी. अर्धा-पाऊण तास असाच जाऊ द्या. बरीच पिल्लं याच टप्प्यावर, घास दाखवायच्या आधीच, वाटीला धक्का लागला की मान वर करून आ वासतात.

आता याची उलटी बाजू. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा गच्चीवर सापडलेलं पिल्लू चोच उघडून बसलेलं असतं आणि लोकांना वाटतं ते खायला मागतंय. नीट बघा. भुकेचं पिल्लू मान ताणून वर बघतं, थरथरतं, आवाज करतं. तापलेलं पिल्लू मान पुढे सरळ ठेवतं, पंख अंगापासून लांब धरतं आणि घशाची कातडी भराभर हलवत धापा टाकतं. त्याच्या तोंडात घास ठेवणं म्हणजे त्याचा श्वास अडवणं. सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि उबेची बाटली काढा. गार पाण्यात बुडवू नका. बल्बखाली ठेवलेल्या पिल्लांचंही हेच होतं. बल्बच्या कोरड्या उष्णतेने अंगातलं पाणी जातं आणि मग ते खरंच गिळू शकत नाही.

३. पिल्लू कोणाचं आहे?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबतो. सगळ्या पक्ष्यांची पिल्लं आ वासत नाहीत. ज्याने कधी आ वासायचाच नसतो, त्याची वाट बघत तुम्ही दिवस काढाल.

आ वासणारी: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, कोकीळ (ती बहुधा कावळ्याच्या घरट्यात वाढते), दयाळ, शिंपी, सातभाई, शिंजीर. यांच्या चोचीच्या कडा पिवळट, मांसल असतात आणि उघडल्यावर आतला रंग उठून दिसतो. यांनी आ वासला नाही तरच तो बिघाड.

कबुतर, पारवा, होला: पिवळट, विरळ केस, लांब मऊ चोच आणि बेढब डोकं. हे पिल्लू आ वासत नाही. ते आपली चोच आईबापाच्या तोंडात खुपसतं आणि त्यांच्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं दाट अन्न ओढून घेतं. नर आणि मादी दोघंही ते तयार करतात आणि पहिले काही दिवस पिल्लू त्यावरच असतं. म्हणून वरून घास दाखवून उपयोग नाही. त्याची चोच तुमच्या बोटांच्या फटीत हलकेच घातली की ते स्वतःच रवंथ केल्यासारखं ढोसायला लागतं. भरवताना सिरिंजचं टोक कापून त्यावर पातळ रबर ताणतात आणि त्याला चीर देतात. त्या चिरेतून ते चोच आत घालून खातं.

पोपट: हाही वर आ वासत नाही. चोचीच्या दोन्ही कडांना हलका दाब दिला की मान वर-खाली करत ओढायला लागतो.

घार, शिक्रा, पिंगळा, गव्हाणी घुबड: आईच्या चोचीतून मांसाचा तुकडा उचलून घेणारी ही पिल्लं. घुबडाचं पिल्लू चोच टकटक वाजवतं ती भीती असते, भूक नव्हे. चोचीच्या बाजूच्या केसांना तुकडा लावला की ते घेतं. नुसतं बिनहाडाचं मांस काही दिवस दिलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात. म्हणून ही पिल्लं स्वतः वाढवायच्या भानगडीत पडू नका.

टिटवी, तित्तर, लावा, मोर: अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच चालतात आणि स्वतः टिपून खातात. आईबाप भरवत नाहीत, फक्त दाखवतात. माळावर एकटं दिसलेलं टिटवीचं पिल्लू बहुधा दबून बसलेलं असतं आणि डोक्यावर ओरडत फिरणारी टिटवी त्याची आई किंवा बाप असते. ते तिथेच सोडा.

पाकोळी: काळपट, लांब कोयत्यासारखे पंख, इवलीशी चोच पण आत कानापर्यंत फाटलेलं तोंड, पाय जेमतेम. पाकोळीची पिल्लं माणसाच्या हातून सहजासहजी तोंड उघडत नाहीत. ती उघडायची रीत शिकलेल्या माणसाकडूनच शिकावी लागते. आहारही निव्वळ किड्यांचा. ओळख पटली की लगेच अनुभवी केंद्राकडे द्या, स्वतः प्रयोग नको.

४. तुम्ही मागताय कसं?

जात आ वासणारी आहे, अंग उबदार आहे, तरी चोच बंद. मग पिल्लाला कळतच नसेल की खाणं आलंय.

डोळे न उघडलेलं पिल्लू धक्क्याला प्रतिसाद देतं. आई घरट्याच्या काठावर बसते तेव्हा फांदी हलते, तो त्याचा इशारा. म्हणून वाटीच्या कडेला बोटाने टिचकी मारा. ते सरळ वर आ वासेल, तुम्ही कुठल्याही बाजूला असा. डोळे उघडल्यावर खेळ बदलतो. आता त्याला हलणारी वस्तू दिसायला हवी, आणि तीही त्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९३० च्या दशकात कस्तुर कुळातल्या पिल्लांवर नेमका हाच अभ्यास केला होता. पुठ्ठ्याच्या साध्या चकतीकडेसुद्धा पिल्लं आ वासत, पण ती वर आणि हलती असेल तेव्हा. व्यवहारात याचा अर्थ एवढाच: घास धरलेला चिमटा समोरून पोटाच्या उंचीवर नेऊ नका. वरून आणा, किंचित हलवा.

ढोलीत वाढणाऱ्या पिल्लांसाठी आणखी एक युक्ती. ढोलीच्या तोंडाशी आई आली की आत अंधार होतो. पेटीवर हाताची सावली धरा आणि काढा. साळुंकीच्या पिल्लावर करून बघा.

एक जास्तीची सूचना: रात्री उठवून भरवू नका. दिवसा वावरणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं अंधार पडल्यावर खात नाहीत. रात्री अकरा वाजता ‘चोच उघडत नाही’ हा बिघाड नाही, ती झोप आहे. दिवसा मात्र अगदी लहान पिल्लाला अर्ध्या तासाच्या आत-बाहेर घास लागतो, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. ते जमणार नसेल तर पिल्लू आजच दुसऱ्याकडे द्या.

५. भीती

पिसं आलेलं, डोळे चांगले उघडलेलं पिल्लू माणसाला ओळखायला लागलेलं असतं. त्याच्यासाठी तुम्ही भक्षक आहात. घरातले सगळे वाकून बघतायत, टीव्ही चालू आहे, मोबाइलचा फ्लॅश पडतोय, अशा जागी ते उपाशी मरेल पण आ वासणार नाही. पेटीवर कापड टाका, खोली शांत ठेवा, एकाच माणसाने भरवा, बोलू नका. त्याच जातीचं आणि साधारण त्याच वयाचं दुसरं पिल्लू कुठे असेल तर दोघं एकत्र ठेवा. एकाने आ वासला की दुसरं बघून वासतं. शिवाय एकट्याने माणसाच्या हातात वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजायला लागतं आणि मग त्याला सोडता येत नाही.

६. पोट भरलंय, की बंद पडलंय?

चिमणी, पोपट, कबुतर यांच्या गळ्याच्या उजव्या बाजूला अन्नाची पिशवी फुगलेली दिसते. ती भरलेली असेल तर पिल्लू मागणार नाही, थांबा. काही तासांनीही ती तशीच असेल, दाबल्यावर घट्ट पिठासारखी किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागत असेल, तोंडाला आंबट वास येत असेल, तर भरवणं पूर्ण बंद करा आणि पशुवैद्याकडे जा. बुलबुल, साळुंकी, कावळा यांना अशी ठसठशीत पिशवी नसते. तिथे विष्ठा बघा. गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं घास गिळल्यावर पातळ आवरणातली पांढरी गोळी टाकतात, जी आईबाप उचलून बाहेर नेतात. गोळी नीट असेल तर आतलं काम चालू आहे. पाण्यासारखी विष्ठा म्हणजे अन्न चुकतंय. विष्ठाच नाही म्हणजे अंगात पाणी नाही किंवा काहीतरी अडकलंय.

पाणी कमी झाल्याची खूण: कातडी लाल, सुरकुतलेली, चिमटीत धरून सोडली तर लगेच खाली बसत नाही, तोंडात चिकट तार. थेंब तोंडात सोडू नका. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं उघडं तोंड असतं आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. ऊब मिळाल्यावर चोचीच्या बाहेरच्या कडेला ओला ब्रश टेकवा, ते चाटेल तेवढंच. किंवा घासच ओलसर करा. यापेक्षा जास्त पाणी लागेल असं वाटलं तर ते कातडीखालून द्यावं लागतं आणि ते काम पशुवैद्याचं.

७. घास चुकीचा, किंवा तोंडात दुखतंय

दूध-पाव, भात, बिस्किट, कच्चं पीठ: एकही नको. पक्ष्यांना दूध पचत नाही. धान्य खाणाऱ्या चिमण्यासुद्धा आपल्या पिल्लांना किडे भरवतात. तात्पुरता उपाय म्हणून मांजरीचं सुकं खाद्य पाण्यात पूर्ण भिजवून, स्पंजसारखं मऊ झाल्यावर, जादा पाणी निथळून, चोचीत मावेल एवढा तुकडा. हे किडे खाणाऱ्यांसाठी चालतं, कबुतर-पोपटांसाठी नाही. घास घशाच्या मागच्या बाजूला ठेवायचा. जिभेच्या टोकावर ठेवला तर पिल्लू मान झटकून टाकून देतं आणि आपल्याला वाटतं त्याला नकोय.

तरी गिळत नसेल तर पुढच्या वेळी ते आपणहून चोच उघडेल तेव्हा टॉर्चच्या उजेडात आत बघा. पिवळट, चीजसारखे थर दिसले तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग असू शकतो. कबुतरांत तो आईबापाच्या भरवण्यातून पसरतो आणि कबुतर खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांनाही होतो. थर खरवडू नका, रक्तस्राव होतो. औषध पशुवैद्यच देईल.

इथे थांबा, पुढचं काम तुमचं नाही

मांजराने तोंडात धरलं होतं हे कळलं तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे. मांजरीच्या लाळेतले जिवाणू रक्तात गेले की वरून ठणठणीत दिसणारं पिल्लू एक-दोन दिवसांत मरतं. प्रतिजैविक लवकर सुरू झालं तरच आशा असते.

पंख किंवा पाय लोंबतोय, मांजाने कापलंय, रक्त थांबत नाही. कातडीखाली हवेचा फुगा आलाय. मान पिळवटतेय, तोल जातोय. श्वास घेताना शेपूट वर-खाली होतेय किंवा टकटक आवाज येतोय. जखमेत माशीची अंडी किंवा अळ्या आहेत. यांपैकी काहीही असेल तर भरवायचा प्रयत्नच करू नका. ऊब, अंधार, शांतता एवढंच द्या आणि निघा. ऊब देऊन दोन तास झाले, वरची सगळी तपासणी झाली आणि तरी चोच उघडली नाही, तरीही तेच.

एकाच ठिकाणी अनेक कावळे किंवा बगळे सुस्त किंवा मेलेले आढळले तर हात लावू नका. २०२५ च्या जानेवारीत उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूच निघाला होता. पशुसंवर्धन विभागाला कळवा.

आणि कायद्याचा भाग. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित पक्षी घरी ठेवता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. पोपटाचं पिल्लू ‘वाढवून पाळू’ म्हणणाऱ्यांना हे आधीच सांगून टाका. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि जवळच्या उपचार केंद्राचा पत्ता मागा.

नेताना झाकणाला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पेटी पुरते. आत पाण्याची वाटी ठेवू नका, रस्त्यात सांडून पिल्लू भिजतं आणि पुन्हा गारठतं. पेटीवर चिठ्ठी चिकटवा: कुठल्या झाडाखाली किंवा इमारतीजवळ मिळालं, किती वाजता, मांजर-कुत्रा आसपास होतं का, काय आणि किती भरवलं, शेवटची विष्ठा कधी. पशुवैद्याचे पहिले प्रश्न हेच असतात, आणि बरं झालेलं पिल्लू शक्यतो त्याच जागी परत सोडायचं असल्याने पत्ता नेमका लागतो.